मुद्राचित्रातील चेहरा

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या व्यक्तिचित्राचा जन्मच दुहेरी असतो. कोरणी रेषेगणिक एका चेहऱ्याचा शोध घेत असते; पण ती रेषा कोरली जाते, ती अनेक प्रती निघाव्यात आणि विकल्या जाव्यात म्हणून. अशा वस्तूला कलाकृती म्हणावे की विक्रीचा माल?

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६० मध्ये फर्मान काढून उत्कीर्णनाला मुक्त कलेचा दर्जा दिला आणि कारागीर-संघांच्या बंधनांपासून ते दूर ठेवले. परंतु फर्मानाने दर्जा मिळतो, प्रश्न सुटत नाही.

त्याच शतकाच्या मध्यास लंडनमध्ये काम करणाऱ्या प्येर लोंबार या फ्रेंच उत्कीर्णकाने व्हॅन डाइकच्या चित्राच्या आधारे एक घोडेस्वार कोरला. या एकाच पत्र्याचे निरनिराळ्या अवस्थांतील ठसे उपलब्ध आहेत. एकात स्वार क्रॉमवेल आहे. दुसऱ्यात, १६४९ मध्ये शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स. आणि एकात धडावर मस्तकच नाही. घोडा तोच, चिलखत तेच. तेवढा भाग खरवडावा, घोटून सपाट करावा आणि नवे डोके कोरावे! तांबे महाग, श्रम त्याहून महाग. व्यापाराच्या हिशेबात यात काही गैर नाही. तरीही पाहणारा अस्वस्थ होतो. ज्या चित्रात कोणाचेही मस्तक बसू शकते, ते मुळात कोणाचे चित्र होते?

मग दोष विक्रीचा मानावा काय? १७४६ मध्ये विल्यम होगार्थने बंडखोर लॉर्ड लोव्हॅट याला कैदेत लंडनकडे नेले जात असताना सेंट आल्बन्स येथे गाठले, समोर बसवून रेखाटले आणि त्याचे मुद्राचित्र एका शिलिंगला विकले. पुढील वर्षी लोव्हॅटचा शिरच्छेद झाला. मरणाच्या वाटेवरील माणसाचे कुतूहल विकण्याचा हा धंदा लोंबारच्या पत्र्याहून कठोर म्हणावा लागेल. मात्र बोटांवर काही मोजणाऱ्या त्या धूर्त, स्थूल वृद्धाच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही. होगार्थने त्याला विकले हे खरे. पण त्याआधी त्याला पाहिले, हेही तितकेच खरे.

विक्रीमुळे कला आपोआप हीन होत नाही, तसेच उत्तम निरीक्षणामुळे विक्री निष्पाप ठरत नाही. मुद्राचित्र या दोन्ही ऋणांचा भार एकाच पत्र्यावर वाहते. दुसऱ्याचा चेहरा बाजारात नेणाऱ्याने तो चेहरा अदलाबदल करण्याजोगा मानू नये, एवढी किमान अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवता येते.