समजा

शिक्रापूरच्या चाकण चौकातून चाकणच्या बाजाराकडे वळणारी एक ट्रॉली घेऊ. कांदा-बटाट्याच्या मिळून ८० गोण्या. कांद्याची गोणी ५० किलोची, बटाट्याची ६० किलोची. सगळा माल ४३०० किलो. कांद्याच्या गोण्या किती?

बहुतेक मुले वाक्य संपायच्या आत आकडे गोळा करतात आणि विचारतात, ‘भागायचं का?’ आकडेमोड त्यांना येते. अडते ते ‘समजा’पाशी. जे माहीत नाही त्याला नाव देऊन माहीत असल्यासारखे त्याच्याशी वागणे, हे खरोखर धाडसाचे काम आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे जितके असेल तितके. अज्ञाते वाढली की त्यांना रंगांची नावे मिळतात: कालक, नीलक, पीतक. ग्रंथ ११५० सालचा, पण शाळेतल्या क्ष-चे काम तेच.

कांद्याच्या गोण्या क्ष मानल्या, तर बटाट्याच्या ८० − क्ष. मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘बाकीच्या’ हा साधा बोलीतला शब्द इथे गणितात उतरतो. मग ५०क्ष + ६०(८० − क्ष) = ४३००, आणि क्ष = ५०. पडताळा घ्यावा: कांदा २५०० किलो, ३० गोण्या बटाटा १८०० किलो.

आडत्या हेच तोंडी करील. सगळा बटाटाच धरला तर ४८०० किलो भरेल, म्हणजे ५०० जास्त. एका गोणीच्या जागी कांदा घेतला की १० किलो उतरतात. तेव्हा कांदा ५० गोण्या. ‘लीलावती’तले इष्टकर्म याच जातकुळीचे: सोयीची संख्या धरायची आणि तिच्यावरून खरीकडे यायचे. ‘समजा’ इथेही आहेच, फक्त कागदावर नाही. पायऱ्या लिहायला लावतो तो शिक्षक मुलांना जाचक वाटतो. पण लिहिलेल्या ओळीत चूक कुठे शिरली ते बोट ठेवून दाखवता येते. मनातल्या मनात सोडवलेले चुकले, तर सगळेच चुकले असे वाटून मूल पाटी बाजूला ठेवते.

आता तीच ट्रॉली ओढू. रिकामी १७०० किलो धरली, तर मालासह ६००० किलो. ट्रॅक्टरची ओढ २४०० न्यूटन, मागे खेचणारा रोध १२०० न्यूटन. इथे अज्ञाताच्या आधी चित्र हवे: फक्त ट्रॉली, आणि तिच्यावर लागणाऱ्या बलांचे बाण. वजन खाली, रस्त्याचा आधार वर. ते एकमेकांना पुरे पडतात. ओढ पुढे, रोध मागे. ट्रॉलीने ट्रॅक्टरवर लावलेली ओढ या चित्रात येत नाही, आणि हाच बाण मुले हमखास काढतात. उरले १२०० न्यूटन. ६००० ने भागले की त्वरण ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. दहा सेकंदांत वेग २ मीटर प्रति सेकंद.

मग विचारावे: पुढे सपाट रस्त्यावर ट्रॉली एकाच वेगाने चालली आहे आणि रोध तेवढाच आहे, तर आता ओढ किती? ‘चालतेय म्हणजे रोधापेक्षा जास्तच,’ असे आपले अंग सांगते, कारण ढकलगाडी सोडली की ती थांबते हे आपण पाहिलेले असते. बाण मात्र सांगतात: वेग बदलत नाही, म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे ओढ १२०० न्यूटन, रोधाएवढीच. हे उत्तर लिहून झाल्यावरही मूल चित्राकडे पुन्हा बघते, एकेक बाण मोजते आणि बराच वेळ पेन्सिल खाली ठेवत नाही.