वुडबाइन विली

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या रेल्वे स्टेशनावर एक इंग्रज पाद्री हमखास दिसायचा. आघाडीवर निघालेल्या जवानांच्या गाड्या सुटायच्या वेळी हा डब्या-डब्यापाशी जायचा, प्रत्येकाच्या हातात बायबलच्या नव्या कराराची एक छोटी प्रत ठेवायचा आणि सोबत वुडबाइन सिगारेटी. वुडबाइन ही तेव्हाची स्वस्तातली, मजूर माणसाची सिगारेट. जवानांनी त्याचं परस्पर बारसं उरकलं : वुडबाइन विली. खरं नाव जेफ्री स्टडर्ट केनेडी, इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या सेंट पॉल्स चर्चचा पाद्री. लहानपणापासून दम्याचा त्रास, आणि तरी स्वतःही ओढणारा.

१९१७ साली बेल्जियममध्ये मेसीनच्या टेकडीवर तोफांचा भडिमार चालू असताना हा माणूस खड्ड्या-खड्ड्यांतून जखमी हुडकत फिरला. आपले हुडकले तसे शत्रूचेही, आणि त्यांना मलमपट्टीच्या ठाण्यापर्यंत पोचवलं. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. हातात बंदूक नसलेल्या माणसाला शौर्यपदक!

पण पदकापाशी थांबलं तर हा माणूस निम्माच कळतो. सुरुवातीला युद्धाची भलामण करणारा हा पाद्री परत आला तो युद्धाच्या विरोधात बोलू लागला. ज्या लढाईने आपल्याला नाव दिलं, तिच्याचबद्दल भर सभेत असं बोलायचं, तेही पोरं गमावलेले आईबाप समोर बसलेले असताना, हे मला मेसीनपेक्षा अवघड वाटतं. पुढे लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर, बँकांच्या गर्दीतलं चर्च त्याच्याकडे आलं. त्याचा बराचसा वेळ मात्र इंडस्ट्रियल ख्रिश्चन फेलोशिप या संस्थेसाठी गावोगाव भाषणं देण्यात जायचा. विषय कामगारांची मजुरी, बेकारी, गरिबी. देव स्वर्गात निवांत बसलेला नाही, माणसाच्या दुःखात तोही होरपळतोय, असं तो सांगायचा. ते ऐकून काही भाविक दचकत असणार.

वूस्टरची एक हकिगत फार सांगितली जाते. वस्तीतली एक आजारी बाई नुसत्या जमिनीवर पडलेली त्याला दिसली. त्याने घरून उशा नेल्या, मग पांघरुणं नेली, आणि अखेर स्वतःची खाटच उचलली. बायकोला, एमिलीला, पत्ता लागला तो खाटेची जागा रिकामी दिसल्यावर. दुसऱ्या एका पाठात ती गादीचं टोक धरून त्याला मदत करते. कुठला पाठ खरा, देव जाणे. पैशांचंही तसंच. खिशात काही टिकायचं नाही, पुस्तकांचं मानधनसुद्धा दानात जायचं.

८ मार्च १९२९ ला, लिव्हरपूलमध्ये, अशाच एका व्याख्यान दौऱ्यावर असताना तो गेला. वय अवघं ४५. वूस्टरमध्ये अंत्ययात्रेला माणसांचा लोंढा लोटला, आणि लोकांनी शवपेटीवर वुडबाइनची पाकिटं वाहिली. पाद्रीसाहेबांना सिगारेटची पाकिटं! कुठल्याही मानपत्रापेक्षा ती मला नेमकी वाटतात. ज्याने जे दिलं, तेच लोकांनी त्याला परत केलं.

अशा माणसाची आठवण काढताना आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. माझं मन मात्र एमिलीपाशी घुटमळतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याच्या घरी पीठ कुणाला तरी मळावं लागतंच. नवरा कायम फिरतीवर, छातीत दमा, आणि हाती लागेल ते वाटून टाकायची सवय. सोबत तीन मुलांचा संसार. ती खाट गेली त्या रात्री तिनेही पाठ जमिनीलाच टेकली असेल ना? गादी उचलायला तिने हात लावला असेल, तर त्या दानात निम्मा वाटा तिचा. आणि लावला नसेल, नवऱ्याने न विचारताच खाट नेली असेल, तर तिने धरलेला अबोलाही मला रास्तच वाटतो.