रिकाम्या हातांची पाहुणी

नागपूरच्या इंदोऱ्यात जपानी माणसाचं कुणाला नवल नाही. मूळ जपानी असलेल्या भदंत सुरई ससाई यांचं कित्येक दशकांचं वास्तव्य तिथल्याच विहारातलं. त्यामुळे धम्माच्या अभ्यासासाठी आलेली जपानी मुलगी एका घरात राहायला आली, तेव्हा गल्लीनं फारशी मान वर केली नाही. घरानं मात्र केली. नवी चादर आली, बाटलीतलं पाणी आलं, तिच्यासाठी बिनतिखटाची वेगळी भाजी शिजू लागली. ती ताट उचलायला गेली की घरची बाई ते हातातून ओढून घ्यायची. "असू द्या, असू द्या, तुम्ही बसा."

ती बसली. बसून बसून सुकली. नागपूरकर पाहुण्याला काही कमी पडू देत नाहीत, हे खरंच. फक्त उठू देत नाहीत.

मे महिन्यात तिनं नम्रपणे हॉस्टेलची चौकशी केली. घर हादरलं. मुलगा म्हणाला, ऊन सोसत नसेल, एसी घेऊ. सून म्हणाली, अजूनही तिखट लागत असेल.

खाटेवरची आजी म्हणाली, "काहून वो, त्या पोरीले बसवून काहून ठेवलं? छप्पन साली दीक्षेले गावागावाहून मानसं पायी आली. आपल्या घरी पाय ठेवाले जागा नव्हती. मी परकरातली पोरगी. पन कोनाले पाहुना म्हनून बसवलं नाही. कोनी पानी भरे, कोनी पीठ मळे. हाताले काम नसलं त मानसाले घर आपलं वाटत नाही."

१४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी आलेली लाखो माणसं या शहरात मावली कशी, याचा हिशेब आजीच्या या बोलण्यात बराचसा आहे.

त्या संध्याकाळी मुलीच्या हाती कूलर भरायचा पाइप आला. खसच्या ताट्यांवरून पाणी झिरपू लागलं, ओला वास सुटला, ती बघतच राहिली आणि टाकी भरून वाहू लागली. पाणी खोलीभर.

"लक्ष कुठं होतं गं तुझं? नळ जायची वेळ झाली अन् पाणी सांडवतेस!" घरची बाई कडाडली आणि लगेच जीभ चावली.

मुलगी हसत पोछा शोधायला पळाली. रात्री तिनं घरातलीच झणझणीत भाजी मागितली, नाक पुसत खाल्ली आणि स्वतःचं ताट घासून ठेवलं. हॉस्टेलचा विषय पुन्हा निघाला नाही.

अशोक विजयादशमीला बुलढाण्याकडचे नातेवाईक दीक्षाभूमीवर जायला म्हणून उतरले. एक मावशी संकोचून खुर्चीच्या कडेला टेकली. जपानी मुलीनं तिच्यापुढे परात सरकवली.

"बसून काय राहिल्या बाप्पा? हे घ्या, कांदे चिरा."