अर्धरथी

बऱ्हाणपूरला माझ्या बहिणीच्या घरी रात्री जेवणं झाली की गच्चीवर मुलं जमतात. आपसात हिंदी, घरातल्या मोठ्यांशी मराठी, आणि वाद पेटला की एकाच वाक्यात दोन्ही. गेल्या दिवाळीत त्यांचा एक वाद तीन रात्री चालला होता. झोरो भारी की सांजी? तिसऱ्या रात्री भाच्याने मलाच मध्ये ओढलं. "मामा, तुम्हीच सांगा. तीन तलवारी घेऊन लढणारा मोठा, का हात न वापरता लढणारा मोठा?"

प्रश्न ज्या पद्धतीने विचारला होता, तिच्यामुळे मी थांबलो. त्याने कोण जिंकेल असं विचारलं नव्हतं. कोण मोठा, असं विचारलं होतं.

एइचिरो ओडा यांची 'वन पीस' ही जपानी चित्रकथा जुलै १९९७ पासून तिथल्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात येते आहे. म्हणजे गच्चीवरच्या एकाही मुलाचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून. लुफी नावाचा एक पोरगा चाच्यांचा राजा व्हायला निघतो आणि वाटेत सोबती जमवतो. झोरो तलवारबाज आहे, सांजी आचारी, नामी दिशा आणि हवामान जाणणारी, चॉपर वैद्य, रॉबिन जुन्या लिप्या वाचणारी. त्यातले लुफी, झोरो आणि सांजी हे मुख्य लढवय्ये. सांजी लढताना फक्त पाय चालवतो, कारण आचाऱ्याचे हात स्वयंपाकासाठी आहेत, मारामारीसाठी नाहीत. भाच्याच्या प्रश्नात ही सगळी गोष्ट होती.

मुलांकडे पुरावे होते, आणि पहिला पुरावा इनामाचा. या कथेतलं सरकार प्रत्येक चाच्याच्या डोक्यावर रक्कम लावतं. वानो बेटाच्या लढाईनंतर लुफीवर तीनशे कोटी, झोरोवर १११ कोटी १० लाख, सांजीवर १०३ कोटी २० लाख. झोरोवाल्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. पण ही रक्कम ताकदीची नाही, सरकारला वाटणाऱ्या धास्तीची आहे, आणि कथा ते पहिल्यापासून सांगत आली आहे. रॉबिन आठ वर्षांची असताना तिच्यावर ७ कोटी ९० लाखांचं इनाम लागलं. त्या पोरीने कुणावर तलवार उगारली नव्हती. बंदी घातलेला इतिहास वाचता येणारी ती एकटी उरली होती, एवढाच तिचा गुन्हा. आता वजाबाकी करून पाहा. झोरो आणि सांजी यांच्या इनामांत नेमका ७ कोटी ९० लाखांचाच फरक आहे. ओडांनी तो मुद्दाम ठेवला की जुळून आला, मला ठाऊक नाही. पण ज्या फरकावर मुलं तीन रात्री भांडली, तेवढ्याच किमतीला सरकार एका वाचणाऱ्या मुलीला घाबरलं होतं.

अशा वादांना पोरखेळ म्हणून हसणारी मोठी माणसं मला आवडत नाहीत. त्यांनी महाभारतातलं उद्योगपर्व उघडावं. युद्ध तोंडावर आलेलं असताना दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही सैन्यांत कोण किती तोलाचा? आणि भीष्म एकेकाची गणना करत जातात. त्या उपपर्वाचं नावच रथातिरथसंख्यान. शकुनी एक रथी, जयद्रथ दोन रथींच्या तोडीचा, शल्य अतिरथी, पलीकडे भीम आठ रथींच्या बरोबरीचा, आणि अर्जुनासारखा तर दोन्ही सैन्यांत नाही. गच्चीवर चाललं होतं ते याहून फारसं वेगळं नव्हतं. फरक एवढाच की भीष्म सेनापती होते आणि ज्यांची मोजणी चालली होती त्यांतले काही समोर बसून ऐकत होते.

कर्णाचं नाव आलं तेव्हा भीष्म म्हणाले, हा अर्धरथी. कवचकुंडलं गेलेली, परशुरामांचा शाप डोक्यावर, स्वभावाने बेसावध. द्रोणांनी दुजोरा दिला. कर्ण भडकला. त्याचं उत्तर वाचण्यासारखं आहे. नुसता रागराग नाही त्यात. तो म्हणतो, पिकलेल्या केसांनी, पैशाने किंवा गणगोताने कुणी महारथी ठरत नाही, आणि ऐन वेळी अशी प्रतवारी लावून तुम्ही आपल्याच सैन्यात फूट पाडता आहात. मग त्याने शपथ घेतली, भीष्म पडेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही.

मराठी वाचकाने त्या यादीशी हुज्जत घालायचं कधी थांबवलंच नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ सालची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा मुखांनी ती कर्णाची बाजू मांडते, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती वाचून अर्जुनावर राग धरला. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं आणि त्यात कर्णाला असली सूट मिळत नाही. माझ्या शाळेच्या दिवसांत या दोन पुस्तकांवरून वर्गाचे दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. कर्णवाले म्हणत, कवच काढून घेतलं, वासवी शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली, चाक रुतलं, शल्य सारथी होऊन टोचत राहिला. बरोबरीची लढाई झालीच कुठे? अर्जुनवाले विराटाच्या गोग्रहणाकडे बोट दाखवत. तिथे अर्जुन एकटा होता आणि समोर भीष्म, द्रोण, कर्ण, अश्वत्थामा सगळे होते. मुलं आज याला पॉवर स्केलिंग म्हणतात. आमच्याकडे शब्द नव्हता, वाद मात्र हाच होता.

मुलांचा आणखी एक शब्द आहे, कॅनन. ओडांच्या मूळ चित्रकथेत आहे ते कॅनन, ॲनिमे मालिका वाढवण्यासाठी मध्ये भरलेलं ते फिलर, आणि फिलरमधला पराक्रम पुरावा म्हणून चालत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षं महाभारताच्या हस्तलिखितांवर हेच काम केलं. द्रौपदी भर स्वयंवरात सूतपुत्राला वरणार नाही म्हणते, हा कर्णाच्या बाजूचा सगळ्यात दुखरा प्रसंग त्यातून निघालेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. हे सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण लोकांना तर तोच आठवतो ना." हेही खरंच.

मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते सांजीच्या दुसऱ्या बंधनाविषयी. तो बाईवर हात उचलत नाही, पायही नाही, मग जीव गेला तरी बेहत्तर. झोरोवाल्यांचा हा हुकमी मुद्दा, कारण याच पायी एनीज लॉबीच्या लढाईत तो कॅलिफा या बाईकडून हरला आणि तिच्याशी नामीला लढावं लागलं. अशा माणसाला वर कसं धरायचं? मी म्हणालो, मग भीष्मांना कुठे धरता? गणना करताना त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं की शिखंडीवर मी बाण सोडणार नाही, कारण तो आधी स्त्री होता. दोन्ही सैन्यांत ज्याला पाडणं अशक्य मानलं जाई, त्याला पाडण्याची वाट त्या एका व्रतातून गेली. दहाव्या दिवशी अर्जुन शिखंडीला पुढे घालून आला.

व्रत म्हणजे दुबळेपणा, असा याचा अर्थ मी लावत नाही. ज्याच्या बळाला कुठलंच बंधन नाही, त्याच्याविषयी सांगण्यासारखं फार थोडं असतं. पण बांधलेल्या बळाला जोडीदार लागतो, हे मात्र खरं. वानोच्या लढाईत ब्लॅक मारिया या बाईसमोर अडकलेला सांजी मोठ्याने रॉबिनला हाक मारतो. स्वतःचं व्रत मोडत नाही आणि मदत मागायची लाजही धरत नाही. रॉबिन येते आणि ती लढाई जिंकते. ही जागा कथेत फार सुंदर आहे. काही वाचक तिथे सांजीला खाली उतरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लुफी तर आर्लाँग या शत्रूला तोंडावर सांगतो की मला तलवार येत नाही, जहाज हाकता येत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटं बोलता येत नाही, सोबत्यांवाचून मी जगूच शकत नाही. पूर्ण टोळीतला सगळ्यात बलवान माणूस हे सांगतो.

आता कौरवांकडे पाहा. भीष्म शिखंडीवर शस्त्र चालवणार नाहीत हे दुर्योधनाला माहीत होतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने दुःशासनाला बजावलं की सगळं सोडून भीष्मांना सांभाळा. त्या नाजूक जागी उभा राहू शकेल असा एक माणूस त्यांच्याकडे होता. तो दहा दिवस छावणीत बसून होता, कारण त्याला अर्धरथी म्हटलं होतं. कर्ण असता तर युद्ध फिरलं असतं, असा दावा मी करत नाही. पण मोजणी झाली आणि एक जागा रिकामी राहिली, एवढं तर त्या पोथीतच आहे.

झोरो आणि सांजी भेटल्यापासून एकमेकांना टोचत आले आहेत. तरी थ्रिलर बार्कच्या लढाईनंतर कुमा नावाचा शत्रू लुफीचं डोकं मागतो तेव्हा झोरो स्वतःचा जीव पुढे करतो. सांजी उठून म्हणतो, मला घे. झोरो त्याला तलवारीच्या मुठीने बेशुद्ध पाडतो आणि लुफीच्या सगळ्या वेदना एकटा अंगावर घेतो. नंतर सांजी विचारतो तेव्हा झोरो काही झालंच नाही असं सांगतो. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांच्याकडून सांजीला खरं कळतं, पण तो त्यांना इतरांना सांगू देत नाही. कोण भारी या वादात हा प्रसंग कुठल्या रकान्यात लिहायचा?

चौथ्या दिवशी आम्ही असीरगडावर गेलो. बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर. वर गुप्तेश्वर महादेवाचं देऊळ आहे, आणि अश्वत्थामा पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो असं या भागात सांगतात. 'कल्की २८९८ एडी' २०२४ साली आला तेव्हापासून मुलांना अश्वत्थामा म्हणजे अमिताभ बच्चन. त्यांना त्याची ताकद मोजायची होती. मी त्यांना यादीतलं त्याचं स्थान सांगितलं. भीष्म म्हणतात, धनुर्विद्येत याच्या तोडीचं दोन्हीकडे कुणी नाही, पण याला जीव फार प्यारा आहे, म्हणून याला मी रथीतही धरत नाही आणि अतिरथीतही नाही. ज्याला जीव प्यारा होता त्याला पुढे शाप मिळाला तो तीन हजार वर्षं जगण्याचा. ब्रह्मशिर अस्त्र त्यानेही सोडलं आणि अर्जुनानेही. ऋषी मध्ये पडले तेव्हा अर्जुनाने आपलं मागे घेतलं. अश्वत्थाम्याला ते येत नव्हतं, म्हणून त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. सोडण्यात दोघे सारखेच होते.

याच सातपुड्यात पश्चिमेला, नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंब्याच्या शिखरावर आदिवासी बांधव दर दिवाळीला अश्वत्थामा ऋषीची यात्रा करतात. कपाळाच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं तिकडे सांगतात. भीष्मांनी ज्याला कुठल्याच वर्गात बसवलं नाही, त्याला डोंगरातल्या लोकांनी काम दिलं.

उतरताना भाच्याने विचारलं, "मामा, कर्ण रुसून बसला होता तेव्हा त्याला बोलवायला कुणीच गेलं नाही?"

गेला होता की. पण कृष्ण, पलीकडून. भीष्म लढताहेत तोवर तरी आमच्याकडून लढ, म्हणाला. दुर्योधनाला दुखावणार नाही म्हणून कर्णाने नकार दिला. मग भीष्म पडल्यावर कर्ण एकटा त्यांच्या शरशय्येपाशी गेला. भीष्मांनी पहारेकऱ्यांना दूर केलं, एका हाताने त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुझं तेज उतरावं म्हणून मी कठोर बोलत आलो, धनुर्विद्येत तू अर्जुनाच्या आणि कृष्णाच्या तोडीचा आहेस.

"म्हणजे त्यांनी यादी बदलली?"

बोलणं बदललं. ते ऐकायला त्या वेळी कर्णाशिवाय कुणी नव्हतं. उद्योगपर्वातली यादी आहे तशीच आहे.