पारणे अजून बाकी आहे

सज्जनहो, एकादशीचा उपवास आपण सारेच करतो. द्वादशीला पारणे सोडले की तो आपल्यापुरता पुरा होतो. पण पंढरीत एक उपवास असा घडला की त्याचे पारणे अजून बाकीच आहे, असे आम्हांस वाटते.

साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. मागणी एकच : अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांस विठ्ठलाचे दार उघडावे. त्याआधी कित्येक महिने त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळविली होती. दहाएक दिवसांनी मंदिर खुले करण्याचे ठरले व उपोषण सुटले.

आता कोणी विचारील, "काय हो बुवा, प्राण पणाला लावून दुसऱ्याला वाकवायचं, ही बळजबरीच नव्हे का?" प्रश्न रास्त आहे. परंतु हट्टी मनुष्य स्वतःसाठी मागतो आणि आडवे येणाऱ्याचा द्वेष करतो. गुरुजींस दर्शनाची मुभा जन्मानेच होती. त्यांनी ती दुसऱ्यांसाठी मागितली आणि क्लेश दिले ते आपल्याच देहाला. यास तप म्हणावे. दबाव पडला, हे खरे. पण तो लाजेचा होता. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आणि त्यांचे अभंग मात्र आत, ही लाज आधीपासून होतीच. गुरुजींनी ती दिसेशी केली, इतकेच.

उपोषणाला जागा देणारा मठ वारकऱ्यांचा होता, तसे विरोध करणारेही परंपरेतलेच, शास्त्र शिकलेले होते. आम्हीही पाठशाळेतच वाढलो. त्या दिवशी आम्ही कोणत्या बाजूस उभे राहिलो असतो? छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. पुण्यतिथीला तसबिरीस हार घालणे सोपे. पण दिंडीत एकमेकांच्या पायांवर डोके ठेवताना जात न विचारणारे आपण, मुक्कामाला पंगतीत बसताना हळूच आडनाव का हो विचारतो? राऊळाचे दार उघडले. घराच्या उंबऱ्याचे काय?

हा प्रश्न ज्या दिवशी आपल्या ओठांवर येणार नाही, त्या दिवशी त्या उपवासाचे पारणे फिटले असे समजावे. तोच खरा हार.

रामकृष्णहरी.