कागद झडणारच

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली रामनवमीला इथल्या ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. तोच पुढे समर्थ रामदास झाला. लग्नाच्या मांडवातून तो निघून गेला, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. लोकलज्जा सोडायची म्हटलं की तीच आठवते. पण मांडव सोडून जाणं सगळ्यांना जमणारं नसतं, हवंही नसतं. बहुतेकांना त्याच गावात, त्याच भावकीत राहून आपलं काम करायचं असतं. त्यांच्यासाठी मला समर्थांच्या ‘दासबोध’ ग्रंथातली एक जागा मोलाची वाटते. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास. विषय आहे लेखन कसं करावं.

इथे समर्थ कडक आहेत. अक्षर वाटोळं, सुटं, काळंभोर हवं. ओळी सरळ हव्यात. पहिलं अक्षर जसं काढलं, तसंच ग्रंथ संपेपर्यंत हवं. वाचताना वाटतं, आता चुकायला जागाच उरली नाही. आणि तिथेच दोन सूचना भेटतात. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाला येणार नाही. मध्यम अक्षर काढा. पानावर मजकुराभोवती जागा सोडा, म्हणजे कडेने कागद झडला तरी अक्षर शाबूत राहील.

बारीक, कोरीव अक्षर पाहणाऱ्याला थक्क करतं. समर्थांना मात्र काळजी आहे ती पुढे मंद होणाऱ्या डोळ्यांची. कागद झडणार, हेही त्यांनी धरूनच ठेवलं आहे. जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांनी चूकही अशीच धरलेली असे. चुकलेल्या अक्षरावर ते हरताळाचा पिवळा लेप देत, तो वाळला की त्यावरच दुरुस्त अक्षर काढत. कित्येक पोथ्यांच्या शेवटी लेखकाची विनवणी असते: समोर जसं होतं तसं उतरवलं, चूक असेल तर मला दोष देऊ नका. दर चुकीला पान फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती, तर किती पोथ्या आपल्यापर्यंत पोचल्या असत्या?

आज मात्र चुकायच्या भीतीनेच आपण थांबतो. ग्रामसभेत एखादी बाई ओठांवर आलेला प्रश्न गिळते, कारण तिला ‘शुद्ध’ बोलता येत नाही. पुण्यात शिकायला गेलेला जालन्याचा मुलगा तोंडून ‘का’ऐवजी ‘कामून’ निसटेल म्हणून वर्गात गप्प बसतो. लोक हसतील, नावं ठेवतील. सगळं निर्दोषच हवं, हा हट्ट वरवर कामावरच्या प्रेमासारखा दिसतो. त्याची नजर मात्र सारखी समोरच्याच्या चेहऱ्यावर असते. तिथे आठी दिसली की हात थांबतो आणि काम तसंच पडून राहतं.

भीती सोडली म्हणून कसं तरी उरकलेलं काम चालेल, असं मी म्हणत नाही. वाटोळ्या अक्षराची अट समर्थांनी कुठेही सैल केलेली नाही. मेहनत पुरेपूर करावी, पण ती कुणाच्या उपयोगी पडणार, हे डोळ्यांपुढे ठेवून. कोण काय म्हणेल याचा हिशेब काही केल्या जुळत नाही. कुणाची गरज भागेल, हे मात्र ठरवता येतं.

‘आमच्या वस्तीवर टँकर कामून येईना?’ या प्रश्नात काहीही कमी नाही. तो विचारला, इतिवृत्तात नोंदला गेला, की वस्तीची मागणी उभी राहते. बोलणारीचं व्याकरण तिथे कुणी नोंदवत नाही.