चौघांची यादी कोणी करायची?

चोपड्यात नगरपालिकेची निवडणूक लागली की खरी धावपळ मतदानाच्या दिवशी नसते, ती अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी असते. दुपारी तीनच्या आत ज्याच्या हाती एबी फॉर्म पडला तो पक्षाचा उमेदवार; उरलेल्यांनी अपक्ष उभे राहावे नाहीतर घरी बसावे. ‘ए’ फॉर्मवर उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला ते लिहिलेले असते, ‘बी’ फॉर्मवर उमेदवाराचे नाव. ते नाव कोणी ठरवले, प्रभागातल्या कोणाला विचारले, हे कायदा विचारत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 29अ पक्षाची नोंदणी कशी करायची ते सांगते. उमेदवार कसा निवडावा याबद्दल गप्प आहे. विधी आयोगाने 1999 साली 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी असे सुचवले होते. पुढे काही झाले नाही.

मतदार शेवटी निवडतो तो दुसऱ्याने गाळून ठेवलेल्या नावांतून. म्हणून ही गाळणी कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न मला मतदान यंत्राच्या वादापेक्षा मोठा वाटतो.

उमेदवार ठरवण्यासाठी आधी एक प्राथमिक निवडणूक घ्यायची, ही पद्धत अमेरिकेची, आपला तिच्याशी संबंध नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात झालेल्या पुणे कराराने ती आपल्याकडे आणली. प्रांतिक विधिमंडळांत दलितांना 148 राखीव जागा मिळाल्या, त्यातल्या 15 मुंबई प्रांतात. राखीव जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी मत द्यायचे आणि चौघांचे पॅनेल निवडायचे. मग त्या चौघांतून एकाला सर्व जातींच्या मतदारांनी निवडायचे. स्वतंत्र मतदारसंघ गेला, त्याच्या जागी ही पहिली फेरी आली.

कागदावर हे न्याय्य दिसते. खोच नियमाच्या तपशिलात होती. पहिल्या फेरीत पहिला आलेला आणि चौथा आलेला, दोघेही दुसऱ्या फेरीत सारखेच. समाजाने ज्याला भरभरून मते दिली तो, आणि जेमतेम चौथा आलेला, यांच्यातून निवड करणार बहुसंख्य इतरेजन. त्यांना सोयीचा कोण वाटणार हे सांगायला नको. शिवाय चारपेक्षा जास्त उमेदवार असतील तरच प्राथमिक फेरी व्हायची. 1945-46 च्या निवडणुकांत बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वाट्याला नेमके हेच आले. प्राथमिक फेऱ्यांत दलित मतदार कोणाच्या मागे आहेत ते दिसत होते, अंतिम फेरीत निकाल दुसराच लागत होता. बाबासाहेबांनी पुढे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये याच अनुभवावरून संयुक्त मतदारसंघांवर बोट ठेवले. मुंबई प्रांतात फेडरेशनची एकही जागा आली नाही आणि घटना समितीत जायला बाबासाहेबांना बंगालचा आधार घ्यावा लागला.

मग 1937 साली चित्र वेगळे कसे होते? तेव्हा आपला भाग पूर्व खानदेशात होता. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते, नेहरू अध्यक्ष होते, आणि त्यानंतर लगेच निवडणुका आल्या. अशा वातावरणातही पूर्व खानदेशातून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलत गुलाजी जाधव निवडून आले, आणि प्रांतातल्या बहुतेक राखीव जागा या नवख्या पक्षाने घेतल्या. बाबासाहेबांची संघटना हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण क्वचितच सांगितले जाते: मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघांत संचयी मतदान होते. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. या मुभेसाठी बाबासाहेब आग्रही होते.

आजच्या दोन सदस्यांच्या प्रभागात हिशेब करून पाहा. समजा 3,000 मतदार आहेत. त्यांतले 1,001 एका छोट्या पक्षाचे. आजच्या नियमाने ‘अ’ जागेला एक मत, ‘ब’ जागेला एक मत. दोन्ही ठिकाणी 1,999 जिंकतात, छोट्याला शून्य. संचयी पद्धतीत ते 1,001 जण आपली दोन्ही मते एकाला देतात: 2,002. समोरच्यांनी 3,998 मते दोघांत नीट वाटली तरी प्रत्येकी 1,999. एक जागा छोट्याची. मतदार तेच, मनही तेच, फक्त नियम बदलला. एकतृतीयांशाच्या खाली असलेल्यांना मात्र हा नियमही तारत नाही, आणि समोर एकसंध लाट असली तर नाहीच. 1946 ने ते दाखवले. राखीव जागा आणि संचयी मत एकत्र बसत नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही, कारण 1937 साली ती एकत्र बसली होती.

जळगाव महापालिकेची 2018 ची निवडणूक आठवा. 19 प्रभाग, 75 जागा, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. भाजप 57, शिवसेना 15, एमआयएम 3. काँग्रेस आणि राष्ट्रवादीला एकही नाही. त्यांना मत देणारे शहरात कोणी नव्हते असे थोडेच आहे! प्रभाग जितका मोठा आणि प्रत्येक जागेचे मत जितके वेगळे, तितका पहिल्या क्रमांकाचा पक्ष फुगतो आणि बाकीचे पुसले जातात. हे कोणत्याही पक्षाच्या बाबतीत होऊ शकते.

केवळ प्राथमिक फेरी आणली म्हणजे सुटलो, असेही नाही. कॅलिफोर्नियात 2012 पासून पहिली फेरी सर्वांना खुली आहे आणि पहिले दोघेच नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जातात, मग दोघे एकाच पक्षाचे का असेनात. 2016 साली सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लोरेट्टा सांचेझ, दोघी डेमोक्रॅट, समोरासमोर होत्या. ग्रीन, लिबर्टेरियन यांसारखे छोटे पक्ष तिथे अंतिम मतपत्रिकेवर जवळजवळ दिसेनासे झाले. अलास्काने 2022 पासून चौघांना पुढे पाठवले, पण सोबत पसंतीक्रमाचे मत दिले. पुणे करारात चौघे होते, पसंतीक्रम नव्हता. आपल्याकडे काँग्रेसने 2014 मध्ये मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला, त्यात लातूर आणि वर्धा होते. पण मत होते पदाधिकाऱ्यांना, सामान्य मतदाराला नाही.

चोपडा विधानसभा मतदारसंघ 2009 पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या वैजापुरातला पावरा, भिल्ल किंवा तडवी मतदार उमेदवारांच्या यादीत आपल्या समाजाचे नाव पाहतो, पण ती यादी करताना त्याला कोणी विचारत नाही. तिकीट मुंबईत ठरते. पुणे कराराने दलित मतदाराला सदोष का होईना, पहिली फेरी दिली होती. आजच्या राखीव जागांवर तीही नाही. मला हे प्रतिनिधित्व अर्धेच वाटते.

विधानसभेचे नियम संसदेच्या हातात आहेत, तिथे वेळ लागेल. नगरपालिकेचे तसे नाही. संविधानाचे कलम 243झेडए या निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार राज्याला देते, आणि आपला नगरपरिषद अधिनियम 1965 चा आहे. नगराध्यक्ष थेट निवडावा की नाही, हे विधिमंडळाने त्याच अधिनियमात गेल्या दहा वर्षांत पुन्हा पुन्हा फिरवले. मग दोन सदस्यांच्या प्रभागात संचयी मताची मुभा देणारी दुरुस्तीही त्यात होऊ शकते. आमदार दिवाळीच्या फराळाला भेटले, तर रस्त्याच्या कामासोबत हेही त्यांच्या कानावर घाला.